कातडं कँटनला, हाडं उकिरड्यात

१७८५ च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून दोन जहाजं सुटली. एकाचं नाव 'कॅप्टन कुक', दुसऱ्याचं 'एक्सपेरिमेंट'. पैसा मुंबईतले व्यापारी डेव्हिड स्कॉट यांचा, मोहिमेचा प्रमुख ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या नोकरीतला जेम्स स्ट्रेंज. जायचं होतं थेट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर, नूटका खाडीत. तिथून समुद्री पाणमांजराची कातडी घ्यायची, चीनमधल्या कँटनला नेऊन विकायची आणि गब्बर व्हायचं, असा बेत.

बेत फसला. सहाशेच्या आसपास कातडी हाती लागली, कँटनला भाव मनासारखा मिळाला नाही, आणि खर्चही वसूल झाला नाही. जॉन मॅके नावाच्या वैद्यकातल्या मदतनीसाला स्ट्रेंजने नूटकालाच ठेवलं. तो वर्षभर तिथल्या लोकांत कसाबसा जगला आणि १७८७ साली दुसऱ्या एका जहाजाने त्याला उचललं. याच मोहिमेत अलेक्झांडर वॉकर नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी होता. बडोद्याचा इतिहास वाचलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. पुढे गायकवाडांच्या दरबारात रेसिडेंट म्हणून बसला आणि १८०७ साली काठेवाडच्या खंडणीचा बंदोबस्त केला, तो कर्नल वॉकर हाच.

एवढं सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण या लोकांनी लिहून ठेवलं. पण व्यापाऱ्याच्या वहीला एक मर्यादा असते. किती कातडी घेतली, कितीला विकली, एवढंच तिला कळतं. जहाज येण्याआधी त्या किनाऱ्यावर किती पाणमांजरं होती? तिथले लोक त्यांची शिकार कधीपासून करत होते, आणि कशासाठी? वहीत हे सापडत नाही. त्यासाठी उकिरडा उपसावा लागतो. आणि उकिरड्यात सापडतात हाडं.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. आपल्याकडे नदी-खाडीत दिसणारं पाणमांजर (कोकणात काही ठिकाणी ऊद किंवा हूद) आणि हे समुद्री पाणमांजर एकाच कुळातले, पण वेगळे. समुद्री पाणमांजर उत्तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्याने राहतं: जपानच्या उत्तरेची बेटं, कामचाटका, अल्यूशियन बेटांची माळ, अलास्का, आणि खाली पार कॅलिफोर्नियापर्यंत. मोठं झालेलं नर जनावर ३०-४० किलोंचं सहज भरतं. पाणी बर्फासारखं गार असतं, आणि सील किंवा देवमाशाच्या अंगावर असतो तसा चरबीचा जाड थर याच्याकडे नाही. थंडीवर इलाज एकच, केस. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दीड लाखांच्या आसपास. माणसाच्या अख्ख्या डोक्यावर साधारण एक लाख असतात, म्हणजे नखाएवढ्या जागेत आपल्या डोक्याहून जास्त केस. शिवाय शरीराची भट्टी पेटती ठेवायला रोज वजनाच्या पाव हिश्श्याएवढं खावं लागतं. शिनाणे, खेकडे, काटेरी गोळ्यासारखे समुद्री अर्चिन, जे मिळेल ते.

या केसांनीच त्याचा घात केला. १७४१ साली रशियाच्या नोकरीतल्या बेरिंग या दर्यावर्दीचं जहाज कामचाटकाजवळच्या एका ओसाड बेटावर फुटलं. बेरिंग तिथेच वारला. उरलेल्या खलाशांनी पाणमांजरं खाऊन हिवाळा काढला आणि पुढच्या वर्षी घरी परतताना शेकडो कातडी बरोबर नेली. ती चिनी बाजारात काय भावाने जातात हे कळल्यावर रशियन शिकारी टोळ्या अल्यूशियन बेटांवर तुटून पडल्या. समुद्रात शिकार करायचं कसब त्यांच्याकडे नव्हतं, ते होतं तिथल्या मूळच्या अल्यूट लोकांकडे. मग त्यांच्या बायकापोरांना ओलीस ठेवून पुरुषांना कातडी होड्यांतून शिकारीला पिटाळायचं, हा धंदा झाला. इंग्रजांना ही खबर लागली जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्दीच्या तिसऱ्या सफरीमुळे. १७७८ मध्ये नूटकाला खलाशांनी किरकोळ वस्तू देऊन घेतलेली, वापरलेली कातडी पुढच्या वर्षाअखेर चीनमध्ये विकली गेली, त्यातल्या उत्तमांना १२० डॉलरपर्यंत भाव आला. सफरीचा वृत्तांत १७८४ साली छापला आणि मुंबईच्या जहाजांनी नांगर उचलला तो त्यानंतरच.

आता उकिरड्याकडे वळू.

या किनाऱ्यावरच्या वस्त्यांनी हजारो वर्षं शिंपले खाल्ले आणि टरफलं घराशेजारी टाकली. त्यांचे ढीग झाले, काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीचे. त्यात राख, फुटके दगड, माशांचे काटे, तुटलेली हत्यारं आणि जनावरांची हाडं. त्या भागातली जमीन पावसाने आम्लधर्मी झालेली, एरवी तिच्यात हाड टिकत नाही. पण शिंपला म्हणजे चुनाच. तो आम्लाला मारतो, आणि त्याच्या पोटात हाड हजारो वर्षं शाबूत राहतं. पुढे हे सगळं चुन्यात जपलं जाईल याचा विचार न करता जे लोक कचरा टाकत होते, त्यांनीच अभ्यासकांची सोय करून ठेवली.

खोदताना माती चाळणीतून काढतात. चाळणीची जाळी किती बारीक, यावर निकाल बदलतो. जाड जाळीतून माशांचे काटे आणि पाणमांजराच्या पंजाची बोटं खाली पडून जातात, मोठी हाडं तेवढी वर राहतात, आणि मग वाटतं की इथले लोक फक्त सीलच मारत होते. जुन्या उत्खननांचे आकडे वाचताना ही शंका कायम मनात ठेवावी लागते.

हाड हाती आलं की पहिला प्रश्न, कोणाचं? प्रयोगशाळेत ओळखीच्या प्राण्यांचे सांगाडे ठेवलेले असतात, सापडलेला तुकडा त्यांच्याशी ताडून बघतात. आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये इनामगावच्या उत्खननातली हाडं अशीच ओळखली गेली. समुद्री पाणमांजर ओळखायला त्या मानाने सोपं. दाढा सुरीसारख्या धारदार नाहीत, खलबत्त्यासारख्या बोथट आणि गोल आहेत, कारण टरफलं फोडायची असतात. खालच्या जबड्यात पुढचे दात फक्त चार. सील-वालरस सोडले, तर मांसाहारी प्राण्यांच्या गणात दुसऱ्या कुणाला इतके कमी नाहीत. मांडीचं हाड आखूड आणि दणकट. जांभळे अर्चिन खूप खाणाऱ्या पाणमांजरांचे दात आणि हाडंही त्या रंगाने जांभळट होतात. म्युझियममधली अशी कवटी पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुणीतरी ती रंगवली आहे असंच वाटेल.

दुसरा प्रश्न, किती? शंभर तुकडे म्हणजे शंभर जनावरं होत नाहीत. एकाच जनावराचेही असू शकतात. म्हणून एकच हाड निवडून मोजतात. समजा मांडीची डावी हाडं सात आणि उजवी चार निघाली. एका जनावराला डावं हाड एकच असतं, तेव्हा किमान सात जनावरं होतीच. हा 'किमान' शब्द महत्त्वाचा. खरा आकडा सात असेल किंवा सत्तर, हाडं फक्त तळाची रेघ मारून देतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात रंजक: मारलं कशासाठी, मांसासाठी की कातडीसाठी?

रविवारी सकाळी मटण आणणाऱ्या घराचा कचरा डोळ्यांसमोर आणा. नळी आहे, चाप आहे, पण मुंडी आणि पाय नाहीत. म्हणजे बोकड इथे कापलेला नाही, दुकानातून आलाय. जिथे मुंडी, खूर, बरगड्या, सगळं आहे तिथे जनावर पुरं आणलं, बहुधा जत्रा असणार. पुरातत्त्वातला तर्क याच जातीचा आहे. पाणमांजराच्या सांगाड्याचे सगळे भाग उकिरड्यात असतील तर जनावर अख्खं घरी आलं. नुसती पंजाची हाडं असतील तर सोललेली कातडी पंजांसकट आली असावी. आणि अख्खे धड एकत्र, सांधे न सुटलेले, पण मांस काढल्याची खूण नाही, असं दिसलं तर कातडं काढून धड फेकून दिलं.

सुरी चुकून हाडाला लागते तिथे बारीक चिरा पडतात. कातडी सोलणाऱ्याची सुरी जिथे चामड्याखाली लगेच हाड आहे तिथेच लागते: ओठांभोवती जबड्यावर, कवटीवर कानांजवळ, मनगट-घोट्याच्या खाली. मांस तोडणाऱ्याची सुरी सांध्यांवर आणि बरगड्यांवर चालते. भाजल्याची काळी खूण ही तिसरी गोष्ट. भिंगाखाली या चिरांची जागा, दिशा, खोली पाहतात. दगडी पात्याची चीर आणि लोखंडी सुरीची चीर यांचा छेदही वेगळा दिसतो, त्यामुळे लोखंड किनाऱ्यावर कधी आलं याचाही माग हाडावरच लागू शकतो. डेन्मार्कमधल्या टिब्रिंड विग या पाण्याखालच्या मध्याश्मयुगीन वस्तीत पाणमांजर आणि पाइन मार्टेन (पाणमांजराच्याच कुळातला एक छोटा फरवाला प्राणी) यांच्या हाडांवर अशाच सोलल्याच्या खुणा मिळाल्या. फरसाठी शिकार ही बाजाराने शिकवलेली गोष्ट नाही, हे त्यावरून दिसतं. थंडीत कातडं पांघरायला बाजार लागत नाही.

इथेच मोठी अडचण येते. कातडीसाठी शिकार केली, हे हाड सांगतं. कातडी विकली, हे सांगत नाही. नूटकाचा सरदार पाणमांजराची दोन-तीन कातडी शिवलेला झगा पांघरत असे, आणि कुकच्या खलाशांनी घेतला तो माल म्हणजे बऱ्याचदा असे अंगावरचे झगेच. घरच्या झग्यासाठी सोललेलं आणि कँटनसाठी सोललेलं, दोन्ही जनावरांच्या जबड्यावर चीर सारखीच.

मग व्यापार ओळखायचा कसा? थरात सोबत काय सापडतं ते पाहून. हाडांच्या त्याच थरात निळे काचमणी, लोखंडी खिळे, तांब्याचे पत्रे, चिनी नाणी आली, की परका माल पोचला हे निश्चित. हे पुरावे आणखी एका कारणाने लागतात. हाडाचं वय काढायची कार्बन-१४ ची पद्धत शेवटच्या तीनेकशे वर्षांत धड चालत नाही. एकच नमुना १६७० चाही असू शकतो आणि १८०० चाही. त्यात समुद्रातला कार्बन मुळात जुना, म्हणून समुद्रातलं खाऊन जगलेल्या प्राण्याचं हाड कित्येकशे वर्षांनी जास्त जुनं दिसतं. ही चूक दुरुस्त करूनच तारीख वाचायची. जो थर नेमका आपल्याला हवा, तिथेच घड्याळ मंद. अशा वेळी एक काचमणी दहा चाचण्यांचं काम करून जातो.

दुसरी गंमत अशी की व्यापार जोरात असतानाच्या थरांत पाणमांजराची हाडं वाढलेली दिसतीलच असं नाही, ती घटलेलीही दिसू शकतात. शिकार आता घरापासून लांब, समुद्रात किंवा दूरच्या तळावर होते. कातडं निघतं आणि धड तिथेच पडतं. शिवाय हाडं कुत्री खातात. काही समाजांत रीतही आड येते: कॅनडातले क्री लोक बीव्हरची (नदीवर बांध घालणाऱ्या प्राण्याची) हाडं कुत्र्यांपुढे न टाकता आदराने पाण्यात सोडत. तेव्हा हाड मिळालं नाही यावरून प्राणी नव्हता, असं म्हणण्याची घाई करायची नाही.

हाडं गप्प बसली की शेजाऱ्यांना विचारायचं. पाणमांजराचे शेजारी म्हणजे त्याचं खाद्य.

इथे थोडं समुद्राचं गणित. अर्चिन केल्प खातात. केल्प म्हणजे समुद्रतळावर उभं राहणारं, झाडासारखं उंच शेवाळ. त्याच्या जंगलात मासे राहतात. पाणमांजर अर्चिन खातं. पाणमांजर असलं की अर्चिन थोडे आणि लहान राहतात, केल्प माजतं, मासे वाढतात. पाणमांजर गेलं की अर्चिन मोठे आणि ढीगभर होतात, केल्प फस्त करतात, आणि तळ उजाड. म्हणजे उकिरड्यातल्या अर्चिनचा आकार हाच पाणमांजराचा हजेरीपट.

हा विचार १९७८ साली अल्यूशियन बेटांतल्या अम्चिटकावर लावून पाहिला गेला. तिथल्या जुन्या अल्यूट वस्त्यांच्या ढिगांत जवळपास अडीच हजार वर्षांचे थर आहेत. काही थरांत पाणमांजर, सील आणि मासे भरपूर. काहींत ते कमी आणि अर्चिन व लिंपेट (खडकाला चिकटून राहणारे शिंपले) मोठाले. अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की रशियन यायच्या कितीतरी आधी, अल्यूटांनी आपल्या वस्तीभोवतीची पाणमांजरं शिकारीने विरळ केली होती आणि तिथला समुद्र बदलला होता.

मला हा सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो, आणि थोडा अवघडही. आपल्याला गोष्ट अशी सांगायची सवय आहे की आधी अस्पर्श निसर्ग होता, मग गोरे आले आणि सत्यानाश झाला. सत्यानाश झालाच, त्याचा हिशेब पुढे येतो. पण त्याआधीचा किनारा अस्पर्श नव्हता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात संशोधकांनी गेल्या सहा हजार वर्षांतल्या उकिरड्यांतल्या शिनाण्यांची लांबी मोजली आणि आजच्या दोन प्रकारच्या किनाऱ्यांशी तुलना केली: पाणमांजर असलेले आणि नसलेले. जुने शिनाणे मोठे निघाले, पाणमांजर विरळ असलेल्या किनाऱ्यावर असतात तसे. त्याच प्रांताच्या उत्तर भागातल्या पाणमांजरांच्या हाडांतला नायट्रोजन तपासला तेव्हाही हीच दिशा मिळाली. खाद्यसाखळीत वर जावं तसा जड नायट्रोजन हाडांत वाढतो. दाटीवाटीने राहणारी पाणमांजरं शिंपले संपल्यावर माशांकडे वळतात आणि त्यांच्या हाडांत तो चढतो. या हाडांत तो कमी होता. मासे खायची वेळच आली नव्हती, शिंपले पुरून उरत होते. म्हणजे माणसं वस्तीजवळची पाणमांजरं मारत होती, स्वतःसाठी शिंपले राखत होती, आणि तरीही पाणमांजर हजारो वर्षं नाहीसं झालं नाही.

कँटनच्या बाजाराने ते शे-सव्वाशे वर्षांत करून दाखवलं. व्यापाराआधी सगळ्या उत्तर प्रशांतात दीड ते तीन लाख पाणमांजरं असावीत असा अंदाज आहे. १९११ साली अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून शिकार थांबवली तेव्हा सगळी मिळून एक-दोन हजार उरली होती, तीही विखुरलेल्या डझनभर ठिकाणी. कॅलिफोर्नियात तर ती संपलीच असं लोक धरून चालले होते. १९३८ साली बिग सरच्या किनाऱ्यावर पन्नासेकांचा कळप दिसला तेव्हा बातमी झाली. मधल्या काळाची खूणही जमिनीत आहे. पाणमांजरं गेल्यावर कॅलिफोर्नियात अॅबलोनी हे मोठं, कानाच्या आकाराचं शिंपलं बेसुमार वाढलं. १८५० नंतर आलेल्या चिनी कोळ्यांनी ते वाळवून विकायचा धंदा उभारला, आणि चॅनल बेटांवर आजही त्यांच्या तळांवर अॅबलोनीच्या टरफलांचे ढीग पडलेले आहेत. आधी कातडं चीनला गेलं, मग त्या कातड्यामुळे उरलेलं खाणं चीनला गेलं.

ही जुनी हाडं आज धोरणाच्या टेबलावर आहेत. ओरेगन राज्याच्या किनाऱ्यावरची पाणमांजरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. १९७०-७१ मध्ये अलास्कातून ९३ पाणमांजरं आणून तिथे सोडली, पण काही वर्षांत ती दिसेनाशी झाली. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात आणलेली मात्र तगली. ओरेगनला चुकलं कुठे? वाण चुकलं का, हा प्रश्न निघाला. उत्तर शोधायला उकिरड्यातले पाणमांजरांचे दात आणि हाडं बाहेर काढली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात ओरेगनची जुनी पाणमांजरं अलास्कापेक्षा कॅलिफोर्नियाच्या जवळची निघाली. वाणामुळेच ती गेली असं त्याने सिद्ध होत नाही. दुसरी कारणंही असू शकतात. पण पुन्हा आणायची झाली तर कुठून आणावी, या वादात आता हजार वर्षांपूर्वी कुणीतरी खाऊन फेकलेला जबडा साक्षीला उभा राहतो.

आणि शेवटी, उकिरडे फक्त माणसंच करत नाहीत. कॅलिफोर्नियात एका खाडीपाशी पाणमांजरं कित्येक वर्षं त्याच त्या दगडांवर शिनाणे आपटून फोडत आली आहेत. २०१९ साली पुरातत्त्वज्ञांनी ती जागा वस्तीसारखी अभ्यासली. दगडांच्या कडा एका ठरावीक पद्धतीने झिजल्या होत्या. टरफलं बहुतेक उजव्या बाजूने तुटलेली, म्हणजे उजवा पंजा जोराचा असावा. टरफलांचा अंदाज १ लाख ३२ हजारांपर्यंत गेला. पाणमांजराच्या उकिरड्याचं हे पहिलंच व्यवस्थित वाचन. जिथली पाणमांजरं व्यापाराने संपवली तिथे असे झिजलेले दगड शोधता येतील, असं त्या लोकांना वाटतं.

आपल्या बाजूचीही एक नोंद आहे, आणि ती जुनी नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटमध्ये सांगसांगजवळ एक ट्रक पकडला. त्यात वाघांची ३१, बिबट्यांची ५८१ आणि पाणमांजरांची ७७८ कातडी होती. तिबेटी झग्यांच्या किनारीला पाणमांजराची फर लावायची रीत होती, आणि तिथे जाणारा माल मुख्यतः भारतातून जात असे. ट्रकमध्ये हाड एकही नव्हतं. ती सगळी कुठल्या तरी नदीकाठी, धरणाच्या कडेला, कातडं काढून टाकलेल्या धडांत राहिली.